नाणेसंग्रह सुरू करताना: घरातल्या डब्यापासून पहिल्या शिवराईपर्यंत

"नाणी जमवायची आहेत, सुरुवात कुठून करू?" असं कुणी विचारलं की मी आधी सांगतो, पहिले काही महिने एकही नाणं विकत घेऊ नका. ऐकणारा जरा हिरमुसतो, कारण त्याच्या डोळ्यांपुढे व्हिक्टोरियाचा चेहरा असलेला राणीछाप रुपया नाहीतर शिवाजी महाराजांच्या नावाची तांब्याची शिवराई असते. पण या छंदात सगळ्यात जास्त पैसा वाया जातो तो नजर तयार होण्याआधी केलेल्या खरेदीत. आणि नजर तयार करायला जे साहित्य लागतं ते बहुतेक घरांत पडलेलं असतं. आजीच्या बटव्यात, देवघरातल्या डबीत, शिवणाच्या डब्यात बटणांबरोबर, माळ्यावरच्या एखाद्या जुन्या ट्रंकेच्या तळाशी. तिथूनच सुरुवात करायची.

आधी डबा उलटा करा

टेबलावर पांढरं सुती कापड अंथरा, म्हणजे नाणं हातातून निसटलं तरी त्याला मार बसणार नाही. हात धुऊन कोरडे करा. नाणं उचलायचं ते अंगठा आणि तर्जनीनं, कडेला धरून. चेहऱ्यावर बोट टेकवायचं नाही, कारण घामातल्या क्षारांचा ठसा तांब्यावर आणि चांदीवर कायमचा उमटतो. ही सवय पहिल्या दिवसापासून लावून घ्या.

आता ढीग करा, पण किमतीनुसार नको, काळानुसार. राजा किंवा राणीचा चेहरा असलेली नाणी एका बाजूला. सिंहमुद्रा असलेली दुसरीकडे. फार्सी किंवा वेडीवाकडी देवनागरी अक्षरं असलेली, हातानं ठोकल्यासारखी दिसणारी जाड नाणी तिसरीकडे. परदेशी नाणी तूर्त एका पाकिटात.

राजाच्या ढिगात बहुधा सहावा जॉर्ज सापडेल. त्याच्या काळातला भोकाचा पैसा घराघरांत असतो. महायुद्धात तांबं वाचवायचं म्हणून १९४३ पासून पैशाच्या मधोमध भोक पाडलं गेलं. त्याच राजाचा १९४७ चा रुपया सापडला तर मागच्या बाजूला वाघ दिसेल. तो रुपया निकेलचा आहे आणि चुंबकाला चिकटतो. दोन-तीन वर्षं आधीचा, म्हणजे १९४४ किंवा १९४५ चा रुपया चिकटत नाही, कारण त्यात निम्मी चांदी आहे. 'चुंबकाला चिकटलं म्हणजे खोटं' हे बाजारात सर्रास ऐकू येतं, म्हणून हे आधीच नीट समजून घ्यावं. कोणत्या वर्षी कोणता धातू होता हे माहीत असेल तरच चुंबक उपयोगाचा.

सिंहमुद्रेच्या ढिगात खरी मजा आहे. प्रजासत्ताकाची पहिली नाणी १५ ऑगस्ट १९५० ला आली. राजाचा चेहरा गेला, अशोकस्तंभाचे सिंह आले. पैशावर घोडा, आण्यावर बैल, पावलीपासून रुपयापर्यंत गव्हाच्या ओंब्या. म्हणजे स्वातंत्र्य मिळाल्यावरही काही वर्षं लोक आणे-पैचाच हिशेब करत होते. दशमान पद्धत आली ती १ एप्रिल १९५७ ला. रुपयाचे शंभर भाग झाले आणि जुन्या पैशाशी गोंधळ होऊ नये म्हणून नव्या भागाला 'नया पैसा' म्हटलं गेलं. त्या काळातलं नाणं हातात घेऊन बारीक अक्षरं वाचा. एक नया पैशावर 'रुपये का सौवाँ भाग' आणि दहा नये पैशांवर 'रुपये का दसवाँ भाग' असं लिहिलेलं सापडतं. एखादं सरकार आपल्या लोकांना नवं गणित समजावून सांगतंय आणि तेही नाण्यावरून, हे मला फार लोभस वाटतं. १९६४ मध्ये 'नया' हा शब्द गेला आणि नुसता पैसा उरला.

पुढे धातू स्वस्त होत गेले. १९६० च्या दशकात ॲल्युमिनियम आलं, चौकोनी एक पैसा आणि षटकोनी तीन पैसे आले. १९६८ चं पितळी दिसणारं, कमळाचं वीस पैशांचं नाणं बऱ्याच घरांत जपून ठेवलेलं असतं, कुणी पूजेत तर कुणी सोन्यासारखं दिसतं म्हणून. पंचवीस पैसे आणि त्याखालची सगळी नाणी ३० जून २०११ नंतर चलनातून गेली. आज शाळेत जाणाऱ्या मुलाच्या हातात पावली कधी आलेलीच नसते. घरातल्या मुलांना या कामात सोबत घ्या, वर्गवारी करायला त्यांची नजर आपल्यापेक्षा तेज असते.

सालाखालची खूण

नवशिक्याला संग्राहक करणारी गोष्ट कोणती, तर टांकसाळीची खूण वाचता येणं. खिशातलं कुठलंही नाणं घ्या आणि साल लिहिलंय त्याच्या खाली बघा. शक्यतो भिंगातून, दहापट मोठं दाखवणारं सोनारकामाचं भिंग पुरतं.

बारीक चौकट दिसली, पत्त्यांतल्या चौकटसारखी, तर नाणं मुंबईचं. तारा दिसला तर हैदराबादचं. गोल ठिपका असेल तर नोएडाचं. काहीच नसेल तर कोलकात्याचं. नोएडाची टांकसाळ १९८८ पासूनची, त्यामुळे त्याआधीच्या नाण्यावर हा ठिपका शोधू नये. हैदराबादच्या जुन्या नाण्यांवर ताऱ्याऐवजी चिरलेली चौकट किंवा आत ठिपका असलेली चौकटही आढळते, आणि तिथे पुष्कळ जण गडबडतात. घाईत ती मुंबईची वाटते.

मग कळतं की एकाच वर्षाचा एक रुपया चार प्रकारचा असू शकतो. एखाद्या वर्षी एखाद्या टांकसाळीनं फार थोडी नाणी पाडली असतील, तर तेच नाणं मिळवायला वर्षं जातात, आणि शेजारच्या टांकसाळीचं मात्र ढिगानं मिळतं. काही वर्षी आपल्या टांकसाळींना मागणी पुरी करता आली नाही तेव्हा सरकारनं परदेशातूनही नाणी पाडून घेतली. १९८५ च्या रुपयावर सालाखाली इंग्रजी एच अक्षर दिसलं तर ते बर्मिंगहॅमच्या हीटन टांकसाळीचं. स्लोव्हाकियातल्या क्रेमनित्सा टांकसाळीची एमके ही अक्षरंही अशीच सापडतात. चिल्लरीत अशी खूण पहिल्यांदा दिसते तेव्हा माणूस या छंदाचा होतो, असा माझा अनुभव आहे.

सराव म्हणून दहा रुपयांची दुहेरी धातूची नाणी घ्या. रुपयाचं चिन्ह २०११ मध्ये नाण्यांवर आलं. त्याआधीच्या काही नाण्यांच्या कडेला पंधरा किरण आहेत, चिन्ह असलेल्यांवर दहा. यावरूनच मधल्या काळात 'पंधरा किरणांचं नाणं खोटं' अशी अफवा उठली होती आणि दुकानदार नाणी घेईनासे झाले. शेवटी जानेवारी २०१८ मध्ये रिझर्व्ह बँकेला जाहीर करावं लागलं की तोवर निघालेले दहा रुपयांचे चौदाही नमुने वैध आहेत. हे चौदा नमुने जमवणं हा नवशिक्यासाठी उत्तम पहिला प्रकल्प आहे. खर्च एकशेचाळीस रुपये, आणि संग्रह मोडला तरी भाजी घेता येते.

विषय छोटा ठेवा

'जगातली सगळी नाणी' किंवा 'सगळी जुनी नाणी' असं ठरवून बसलं की दोन वर्षांत डबे भरतात आणि संग्रह काही उभा राहत नाही. संग्रहाला एक प्रश्न हवा, ज्याचं उत्तर त्या नाण्यांतून मिळतं. पूर्ण होईल असा, पण सहज पूर्ण होणार नाही असा विषय निवडा.

मला स्वतःला आवडणारा विषय म्हणजे नाण्यांवरचा महाराष्ट्र. १९९० चा डॉ. आंबेडकरांचा एक रुपया, १९९९ चे छत्रपती शिवाजी महाराजांचे दोन रुपये, त्याच वर्षीचा संत ज्ञानेश्वरांचा एक रुपया, २००२ चा संत तुकारामांचा एक रुपया, २००७ चे लोकमान्य टिळकांचे पाच रुपये, २०१५ चं आंबेडकरांचं दहा रुपयांचं नाणं. यातली बरीचशी चलनात फिरलेली आहेत, म्हणजे किराणावाल्याच्या गल्ल्यातही सापडू शकतात. प्रत्येकाच्या वेगवेगळ्या टांकसाळी जमवायच्या ठरवल्या तर काम चांगलं वर्षभर पुरतं.

दुसरा विषय, एकाच मूल्याचा प्रवास. दोन रुपयेच घ्या. नकाशा असलेलं अकरा कोनी नाणं, मग पोलादी गोल नाण्यावरची चार रेघांची फुली, मग दोन बोटांची हस्तमुद्रा, मग रुपयाचं चिन्ह. धातू, आकार, वजन कसं घटत गेलं हे एका पानावर दिसतं.

गोव्याशी नातं असेल तर पोर्तुगीज काळाकडे वळा. तिथे रुपया आणि टांगा नावाची नाणी चालत होती, १८८० च्या दशकातल्या रुपयावर लुईस राजाचा चेहरा आहे, आणि १९५८ मध्ये चलन बदलून एस्कुदो आणि सेंटाव्हो आले. हे शेवटचं चलन फार थोडी वर्षं टिकलं, कारण डिसेंबर १९६१ मध्ये गोवा मुक्त झाला. सहा एस्कुदो, तीन एस्कुदो, साठ सेंटाव्हो, असे चमत्कारिक वाटणारे आकडे त्यात सापडतात. साधारण सहा एस्कुदोला एक रुपया असा हिशेब धरला की त्यांचा अर्थ लागतो. मालिका छोटी आहे, पुरी होण्याजोगी आहे.

बडोदा, इंदूर, ग्वाल्हेर या मराठी संस्थानांची नाणी हा आणखी एक सुंदर विषय. बडोद्याच्या सयाजीरावांच्या नाण्यांवर स्वच्छ देवनागरी आहे, होळकरांच्या नाण्यांवर सूर्याचा चेहरा. पण हा विषय दुसऱ्या टप्प्यावर घ्यावा.

घासू नका

हे मी प्रत्येक नवशिक्याला सांगतो. जुनं नाणं काळं पडलेलं असतं, घरातलं कुणीतरी कौतुकानं ते चिंच, लिंबू, रांगोळी किंवा पितांबरी लावून चकचकीत करून देतं, आणि त्या क्षणी त्याची संग्रहमूल्य असलेली कातडी निघून जाते. नाण्यावर वर्षानुवर्षं चढलेला रंग हा मळ नसतो. तो धातूचा हवेशी झालेला संयोग आहे, आणि खालच्या पृष्ठभागाचं रक्षणही तोच करतो. घासल्यावर राहतात त्या बारीक समांतर ओरखड्यांच्या रेषा. भिंगाखाली त्या केसांसारख्या दिसतात आणि कुठलाही जाणकार पहिल्या नजरेत ओळखतो. त्याच नाण्याची किंमत मग निम्म्याहून खाली येऊ शकते.

करायचंच असेल तर एवढं करा. माती लागलेलं नाणं डिस्टिल्ड वॉटरमध्ये, म्हणजे बॅटरीत घालतात त्या शुद्ध पाण्यात रात्रभर ठेवा, मऊ सुती कापडानं टिपून घ्या, पुसू नका. प्लॅस्टिकच्या पाकिटामुळे हिरवट चिकट थर आला असेल तर शुद्ध ॲसिटोनमध्ये थोडा वेळ बुडवून काढा. नेलपॉलिश रिमूव्हर नको, त्यात तेल आणि सुगंध असतात. ॲसिटोन पटकन पेट घेतं, तेव्हा खिडकी उघडी आणि गॅस बंद. तांब्याच्या नाण्यावर फिकट हिरवी, बोट लावलं तर भुकटी होऊन पडणारी बुरशीसारखी वाढ दिसली तर ते नाणं ताबडतोब बाकीच्यांपासून वेगळं करा. तो धातूचा रोग आहे, ओलावा मिळाला की वाढत जातो. घट्ट बसलेला गडद हिरवा थर मात्र निरुपद्रवी असतो, त्याला हात लावू नये.

ठेवायचं कसं

आपल्याकडे नाण्याचा खरा शत्रू पावसाळा. कोकणात आणि मुंबईत जून ते सप्टेंबर कपाटातल्या चपलांनाही बुरशी येते, तिथे तांब्याचं काय होईल ते सांगायला नको.

सगळ्यात स्वस्त आणि चांगली सोय म्हणजे पुठ्ठ्याच्या चौकोनी चौकटी. त्यांना आतून पारदर्शक मायलरचा पडदा असतो, मध्ये नाणं ठेवून दुमडायचं आणि चारही बाजूंनी स्टेपल करायचं. स्टेपलच्या पिना पक्कडीनं सपाट दाबून घ्या, नाहीतर शेजारच्या नाण्याला ओरखडा जातो. नाणं बाहेर काढताना आधी पिना काढा, नाणं ओढून बाहेर काढू नका. चांगल्या नाण्यांसाठी कडक पारदर्शक गोल कॅप्सूल मिळतात. ती नाण्याच्या व्यासाप्रमाणे घ्यावी लागतात, म्हणून आधी माप घ्या.

अल्बम घेताना एकच प्रश्न विचारा, पानं पीव्हीसीची आहेत का? मऊ, लवचीक, नव्या रेनकोटसारखा वास येणारं प्लॅस्टिक बहुधा पीव्हीसी असतं आणि काही वर्षांत तेच हिरवा चिकटा सोडतं. वर्तमानपत्रात नाणी गुंडाळू नका, रबर बँड लावू नका. रबरातल्या गंधकानं चांदी काळी पडते. डब्यात सिलिका जेलच्या पुड्या टाका आणि पावसाळ्याआधी बदला. डांबराच्या गोळ्या कपड्यांसाठी ठीक, नाण्यांजवळ नकोत.

वही

सुरुवातीपासून वही ठेवा. फोनवर ठेवलीत तरी चालेल, पण ठेवा. नाण्याचं मूल्य, साल, टांकसाळ, धातू, वजन, व्यास, कुठून मिळालं, कितीला मिळालं, केव्हा. आजोबांच्या ट्रंकेतून आलेल्या नाण्यापुढे आजोबांचं नाव लिहा. पुढच्या पिढीला डबा मिळेल तेव्हा ते नाणं कुणाचं, कुठून आलं, हे तिथेच वाचता येईल. विम्याच्या किंवा चोरीच्या वेळीही हीच वही आणि फोटो कामाला येतात. सोबत प्रत्येक नाण्याचा दोन्ही बाजूंचा फोटो काढा, खिडकीजवळच्या उजेडात, फ्लॅशशिवाय.

ओळख पटवायला नुमिस्टासारखी संकेतस्थळं उपयोगी पडतात. तिथे देश, साल, धातू घालून शोधता येतं, वजन आणि व्यास पडताळता येतो.

चांदीचा रुपया घेताना

आता खरेदी. पहिलं विकत घ्यायचं नाणं म्हणून मी ब्रिटिश काळातला चांदीचा रुपया सुचवतो, कारण त्यावर खरं-खोटं ओळखण्याचा पूर्ण अभ्यास होतो आणि नाण्यात चांदीची किंमत तरी राहतेच. १८३५ पासून सगळ्या ब्रिटिश हिंदुस्थानात एकसारखा रुपया आला. वजन ११.६६ ग्रॅम, त्यात ९१.७ टक्के चांदी, म्हणजे शुद्ध चांदी सुमारे १०.७ ग्रॅम, आणि व्यास साधारण ३०.५ मिलिमीटर. हे प्रमाण १९३९ पर्यंत टिकलं, १९४० पासून चांदी निम्म्यावर आली. दुकानदाराकडे जाण्याआधी त्या दिवसाचा चांदीचा भाव बघून ठेवा. सामान्य रुपया त्या भावापेक्षा थोडा वर मिळायला हवा.

घरी तपासायला ०.०१ ग्रॅमपर्यंत मोजणारा छोटा वजनकाटा आणि व्यास मोजायला डिजिटल व्हर्निअर पुरतो. आधी वजन घ्या. वापरातल्या रुपयाचं वजन झिजेमुळे थोडं कमी भरतं, पण जास्त भरता कामा नये. मग पाण्याची परीक्षा. काट्यावर पाण्याची वाटी ठेवून काटा शून्य करा. नाण्याला बारीक शिवणदोरा बांधा आणि ते पाण्यात पूर्ण बुडवा, पण तळाला किंवा कडेला टेकू देऊ नका. बुडबुडे चिकटले असतील तर हलकेच हलवून सोडवा. काटा आता एक छोटा आकडा दाखवेल. ११.६६ ग्रॅमच्या अस्सल रुपयासाठी तो १.१३ च्या जवळपास येतो. नाण्याच्या वजनाला या आकड्यानं भागा, उत्तर साधारण १०.३ यायला हवं. नऊच्या खाली आलं तर ती चांदी नाही, बहुधा तांबं-निकेल किंवा जर्मन सिल्व्हर. १९४० ते १९४५ च्या निम्म्या चांदीच्या रुपयाचं उत्तर साडेनऊच्या आसपास येतं, तो खोटा नव्हे. झाल्यावर नाणं टिपून कोरडं करा. आर्किमिडीजची ही परीक्षा आहे, आणि दुकानदाराच्या कुठल्याही शपथेपेक्षा ती खात्रीची.

कडही बघा. ओतीव नकलीत कडेवर सांध्याची रेघ आणि पृष्ठभागावर सुईच्या टोकाएवढे खड्डे दिसतात, अक्षरांच्या कडा गोलसर असतात. अस्सल ठशाच्या नाण्यात अक्षरं पृष्ठभागातून सरळ उभी राहतात.

पाचव्या जॉर्जच्या रुपयावर मागच्या बाजूला खाली कमळाच्या फुलाखाली बारीक ठिपका असेल तर तो मुंबईचा, नसेल तर कोलकात्याचा. पाचव्या जॉर्जचा १९११ चा रुपया हाताशी आला तर राजाच्या झग्यावरचा हत्ती भिंगातून बघा. त्याची सोंड इतकी आखूड कोरली गेली की तो लोकांना डुकरासारखा दिसला, आरडाओरड झाली, नाणी मागे घेऊन १९१२ मध्ये हत्ती सुधारावा लागला. नाण्याची एवढीशी रेघ किती मोठा गहजब करू शकते हे इथे कळतं.

आणि इथेच किमतीबद्दलचा एक मोठा गैरसमजही सुटतो. ईस्ट इंडिया कंपनीचा १८३५ चा तांब्याचा पाव आणा दोनशे वर्षांच्या घरात आलाय, तरी तो मुबलक आहे आणि स्वस्त मिळतो. उलट १९३९ चा चांदीचा रुपया अजून शंभर वर्षांचाही नाही, पण आज फार थोडे उरलेत, म्हणून त्याची किंमत प्रचंड. त्यामुळेच १९३८ मधला आठ कोरून नऊ केलेले रुपये बाजारात येतात. किंमत ठरते ती किती उरलीत, कोणत्या अवस्थेत आहेत आणि किती जणांना हवीत यावर. वय त्यानंतर.

अवस्थेचे शब्द कानावर पडतील. यूएनसी म्हणजे चलनात न फिरलेलं, मूळ चमक शाबूत. एक्सएफ म्हणजे अगदी हलकी झीज. व्हीएफ म्हणजे झीज दिसते पण तपशील स्पष्ट. सुरुवातीला व्हीएफच्या वर आणि खिशाला परवडेल तितकं चांगलं एकच घ्या, पाच झिजलेली घेऊ नका.

खरेदी कुठे करावी? पुण्याचा जुना बाजार, मुंबईचा चोर बाजार ही बघायची आणि शिकायची ठिकाणं आहेत, पण तिथे खरेदी नजर बसल्यावरच. त्यापेक्षा पुण्यातल्या कॉइनेक्ससारखी प्रदर्शनं बरी. तिथे बरेच विक्रेते एका छपराखाली असतात, भाव पडताळता येतो, जाणकार भेटतात आणि पावती मिळते. मुंबई, अहमदाबाद, बेंगळुरू इथल्या लिलावसंस्थांच्या जुन्या बोलींचे निकाल ऑनलाइन बघता येतात. 'अमुक नाण्याला काय भाव?' याचं प्रामाणिक उत्तर तिथे मिळतं, जाहिरातीत मिळत नाही. नवी स्मारकनाणी थेट भारत सरकारच्या टांकसाळीच्या संकेतस्थळावरून घेता येतात.

शिवराईकडे वळताना

महाराष्ट्रातल्या संग्राहकाला कधी ना कधी शिवराई हवीच असते, आणि ती ओढ मला पूर्ण समजते. १६७४ च्या राज्याभिषेकाशी जोडलेलं हे तांब्याचं नाणं, एका बाजूला तीन ओळींत 'श्री राजा शिव' आणि दुसरीकडे 'छत्रपति', भोवती ठिपक्यांची किनार. महाराजांनंतर छत्रपतींच्या आणि पेशव्यांच्या काळातही शिवराया पाडल्या जात राहिल्या, म्हणून प्रत्येक शिवराई महाराजांच्या हयातीतली नसते. बाजारात मिळणाऱ्या बहुतेक शिवराया उत्तरकाळातल्या आहेत. त्यांतली दुदांडी शिवराई दोन आडव्या रेघांवरून ओळखू येते. विक्रेता 'महाराजांच्या काळातली' म्हणून जास्त किंमत सांगू लागला तर अक्षरवळण, वजन आणि किनार नीट बघा आणि जाणकाराला दाखवल्याशिवाय घेऊ नका. उत्तरकाळातली शिवराई घेण्यात कमीपणा काहीच नाही. तिनं कित्येक पिढ्यांचा बाजारहाट चालवलाय.

शिवराई हातानं ठोकलेली असल्यामुळे ठसा नाण्यापेक्षा मोठा असे आणि अक्षरं अर्धी बाहेर जात. 'राजा' पूर्ण आणि 'शिव' अर्धं, असं दिसणं स्वाभाविक आहे. सगळी अक्षरं काटेकोर मध्यभागी, सगळ्या कडा एकसारख्या आणि रंगही एकसारखा काळपट असेल तर सावध व्हा. सोन्याचा होन स्वस्तात देतो म्हणणाऱ्याला नमस्कार करून पुढे जा. पेशवाईतला अंकुशी रुपया, चांदोरी रुपया हेही याच वाटेवरचे पुढचे मुक्काम.

खरी नाणी आधी काचेआड बघा. मुंबईत छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालय आणि फोर्टमधलं रिझर्व्ह बँकेचं संग्रहालय, नाशिकजवळ अंजनेरीला नाणकशास्त्राची संस्था आणि तिचं संग्रहालय. तासभर उभं राहून अक्षरवळणं डोळ्यांत साठवली की बाजारातली नक्कल खटकू लागते.

कायदा आणि फसवणूक

शेत नांगरताना किंवा पाया खणताना नाणी सापडली तर ती आपली होत नाहीत. १८७८ च्या निखात निधी कायद्याप्रमाणे दहा रुपयांहून जास्त किमतीचं भूमिगत धन सापडलं तर जिल्हाधिकाऱ्यांना कळवणं बंधनकारक आहे. अशी नाणी गुपचूप विकत घेणाराही अडकतो. शिवाय हंड्यातली नाणी एकत्र, जागच्या जागी मिळाली तरच इतिहासकाराला त्यांतून काही वाचता येतं. ती फुटकळ विकली गेली की तो पुरावा कायमचा जातो.

शंभर वर्षांहून जुनं नाणं १९७२ च्या पुरावशेष कायद्यानुसार पुरावशेष ठरतं आणि ते देशाबाहेर नेता येत नाही. परदेशात राहणाऱ्या मराठी मंडळींनी सुट्टीत गावाकडून आजीचे राणीछाप रुपये बॅगेत टाकण्याआधी हे लक्षात घ्यावं. संग्रह इथेच भावंडांकडे ठेवून वही आणि फोटो सोबत नेणं सगळ्यात सुरक्षित. चलनातली नाणी वितळवणं, तोडणं हाही नाणे कायदा २०११ खाली गुन्हा आहे.

राहिली फसवणूक. 'वैष्णोदेवीचं पाच रुपयांचं नाणं आहे का? दहा लाख मिळतील' असे संदेश सतत फिरतात. ते नाणं २०१२ चं, भरपूर निघालेलं आहे. अशा जाहिरातीला प्रतिसाद दिला की समोरचा नोंदणी शुल्क, कर, कमिशन मागतो, कधी रिझर्व्ह बँकेच्या नावाचं खोटं पत्रही पाठवतो. रिझर्व्ह बँकेनं ऑगस्ट २०२१ मध्येच स्पष्ट केलंय की अशा व्यवहारांशी तिचा काही संबंध नाही आणि ती कसलंही शुल्क घेत नाही. विकणाऱ्याकडूनच आधी पैसे मागितले की तिथेच थांबा.

राम-सीता, हनुमान किंवा कमळाचं चित्र आणि मागे ईस्ट इंडिया कंपनी, १६१६, १७१७ किंवा १८१८ असं लिहिलेली जाड नाणी प्रत्येक जत्रेत विकायला असतात. कंपनीनं अशी नाणी कधीच पाडली नाहीत. तांदूळ ओढून घेणारं 'चमत्कारी' तांब्याचं नाणं ही तर सरळ गुन्हेगारी आहे, त्यात लोकांनी घरंदारं गमावलीत. तुमच्या गावात कुणी असं नाणं दाखवू लागला तर पोलिसांना कळवा, आणि शेजाऱ्यालाही सांगा.